गुणी मुलांचे दुसरे घर

'वार लावून जेवणे' हा वाक्प्रचार आता महाविद्यालयाच्या वर्गात समजावून सांगावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील आत्मचरित्रे शिकविताना तो हमखास येतो आणि मुले एकमेकांकडे पाहू लागतात. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरलेली असत. सोमवारी एका घरी जेवावयाचे, मंगळवारी दुसऱ्या, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवावयाचे. माधुकरी ही त्याहून जुनी चाल. तीत शिजलेले अन्न घरोघर मागून आणावयाचे असे. खेड्यातला एखादा बुद्धिमान मुलगा शहरात शिकावयास येई, तेव्हा त्याच्या पाठीशी सरकारही नसे आणि संस्थाही नसे. पाठीशी असत ती ही सात घरे, आणि त्या घरांतील गृहिणी, ज्यांची नावे कोणत्याही चरित्रात सापडत नाहीत.

असाधारण बुद्धीचे मूल घरात जन्मले म्हणजे त्या कुटुंबापुढे कोणते प्रश्न उभे राहतात आणि बाहेरून त्याला कोणाचा हात लागतो, हा विषय आज मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांकडे गेला आहे. प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक असल्यामुळे त्या शास्त्रात शिरण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु चरित्रे आणि आत्मचरित्रे ही त्याच्या अभ्यासाची सामग्री आहे, आणि ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवत आली आहे. मोठेपणी नावारूपास आलेल्या बहुतेक गुणी मुलांना स्वतःच्या घराखेरीज आणखी एक घर मिळालेले होते. ते कधी शिक्षकाचे होते, कधी आप्ताचे, कधी वसतिगृहाच्या रूपाने उभे राहिलेले, तर कधी केवळ वाचनालयातील एका बाकापुरते. आपले बडोदे या कथेत दोनदा येते. एकदा मोठ्या गौरवाने येते, आणि एकदा मान खाली घालावी अशा प्रसंगाने. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या ग्रंथात या दोन्हींची नोंद असावी असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे.

आरंभ कोकणातून करू. धोंडो केशव कर्वे मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले तेव्हा त्यांचे वय सुमारे सतरा वर्षांचे होते. शंभराहून अधिक मैलांची वाट, सह्याद्रीचा घाट, आणि सारा प्रवास पायी. परीक्षेच्या ठिकाणी पोहोचल्यावर समितीने त्यांना पाहिले आणि हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविले. बुद्धी मोजण्याआधी चेहरा मोजला गेला. पुढे हेच कर्वे गणिताचे प्राध्यापक झाले, १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले आणि स्त्रीशिक्षणाच्या कार्याने महर्षी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या चरित्राचा हा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या आडोशाला राहिलेला दुसरा भाग, म्हणजे कर्व्यांनी आपल्या नात्यातील एका मुलाला शिक्षणासाठी स्वतःच्या घरी आणून ठेवले तो.

तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीत १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला. गणितातील त्यांची गती कर्व्यांनी वेळीच ओळखली. स्वतःचा संसार ओढग्रस्तीचा असताना त्यांनी या मुलाची जबाबदारी घेतली. रघुनाथराव विद्यापीठाच्या परीक्षांत पहिले आले, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, आणि १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत 'सीनिअर रँग्लर' ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर मोठ्या पगाराच्या नोकऱ्या त्यांना सहज मिळाल्या असत्या. ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि १९०२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले.

येथे कथा संपत नाही, उलट तिची गोडी येथून वाढते. ब्रह्मदेशात नोकरीला असलेल्या करमरकर नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलीला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत ठेवले. त्या शाळेत तिची मैत्री रँग्लर परांजपे यांच्या शकुंतला या मुलीशी झाली, आणि पाहुणी म्हणून परांजप्यांकडे येणारी ही मुलगी हळूहळू त्या घराचीच झाली. ग्रंथांनी भरलेल्या त्या घरात तिने जे वाचले, जी चर्चा ऐकली, तिचा ठसा तिच्यावर जन्मभर राहिला. पुढे तिचा विवाह महर्षी कर्व्यांचे पुत्र दिनकर यांच्याशी झाला, आणि इरावती कर्वे या नावाने मानववंशशास्त्राच्या व मराठी साहित्याच्या वाचकांनी तिला ओळखले. 'युगान्त' या ग्रंथाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. याच परांजप्यांच्या घरात आणखी एका पिढीनंतर त्यांची नात सई वाढली. तिचे 'मुलांचा मेवा' हे परीकथांचे पुस्तक ती आठ वर्षांची असताना प्रसिद्ध झाले. म्हणजे कर्व्यांच्या घराने परांजपे घडविले, परांजप्यांच्या घराने इरावतीबाईंना आसरा दिला, त्या पुन्हा कर्व्यांच्या घरी सून म्हणून गेल्या. उपकाराची फेड इतक्या सरळ रेषेत होताना इतिहासात फारशी दिसत नाही.

मात्र या हकिगतीने फार हुरळून जाण्याचे कारण नाही. इरावतीबाईंचे भाग्य हे अपवादाचे होते. मुलींसाठी वार नव्हते. कोणत्याही मुलीने सात घरी जेवून शिक्षण घेतल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, कारण मुलीने शिक्षणासाठी घराबाहेर राहावे ही कल्पनाच समाजाला नव्हती. तिची बुद्धी घरातच उमगली आणि घरातल्याच पुरुषाला तिचे मोल वाटले तरच काही घडे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले, म्हणून १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांपुढे रमाबाई उभ्या राहू शकल्या आणि 'पंडिता' झाल्या. असे शास्त्री किती होते? आणि वाराची चालही सर्वांसाठी कधीच नव्हती. ती मुख्यतः ब्राह्मण मुलांची सोय होती. कुणब्याच्या, महाराच्या, चांभाराच्या मुलाने कोणाच्या ओसरीवर पान मांडावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला बडोद्यात यावे लागते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ हा शेतकरी घरातला मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत जवळजवळ निरक्षर होता. महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये त्याला दत्तक घेतले. आपण येथे कशासाठी आलो, या प्रश्नाला त्याने 'राज्य करण्यासाठी' असे उत्तर दिल्याची आख्यायिका बडोदेकरांना तोंडपाठ आहे, तेव्हा ती येथे विस्ताराने सांगत नाही. अधिक विचार करण्यासारखी गोष्ट पुढची आहे. एफ. ए. एच. एलियट हे त्याचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून राज्यकारभाराचे पाठ असा अभ्यासक्रम या मुलापुढे ठेवण्यात आला. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. सहा वर्षांपूर्वी ज्याला अक्षरओळख नव्हती तो आता चार भाषांत कारभार पाहू शकत होता.

पुढे सयाजीराव शिक्षणाकडे ज्या आग्रहाने पाहात राहिले, त्याचे मूळ या सहा वर्षांत असले पाहिजे असे मला वाटते. बुद्धी खेड्यापाड्यांत विखुरलेली असते आणि योग्य शिक्षक मिळाला तर ती अल्पकाळात फुलते, हे त्यांनी कोणाच्या ग्रंथात वाचले नव्हते. ते स्वतःच त्याचा दाखला होते. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानाला लागू केला. मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली १८८६ मध्ये गायनशाळा निघाली. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. तेथे रंगकाम, यंत्रविद्या आणि चित्रकला हे विषय देशी भाषेतून शिकविण्याचा प्रयत्न झाला. पुढे चित्रपटाचे जनक म्हणून गाजलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. ज्याची बुद्धी पुस्तकापेक्षा हातात अधिक असते अशा मुलाचाही विचार या योजनेत होता, ही गोष्ट आजच्या गुणपत्रिकांच्या काळात मुद्दाम लक्षात घ्यावी.

ग्रंथालयांच्या बाबतीत तर बडोद्याने साऱ्या देशाला धडा घालून दिला. १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला महाराजांनी येथे आणले. आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. बॉर्डन तीन वर्षे येथे होते. त्या काळात गावोगावच्या वाचनालयांची साखळी उभी राहू लागली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. गुजराती समाजात मोतीभाई अमीन यांनी याच कामाला वाहून घेतले होते. श्रीसयाजी साहित्यमाला आणि श्रीसयाजी बालज्ञानमाला यांतून मराठी व गुजराती भाषांत पुस्तके निघाली. बालज्ञानमालेची छोटी पुस्तके आज क्वचित जुन्या कपाटांत सापडतात. एखाद्या खेडेगावातील मुलाला अशा पेटीतून विजेविषयी किंवा ग्रहताऱ्यांविषयी काही हाती लागले असेल तेव्हा काय वाटले असेल, याची आपण आज केवळ कल्पना करू शकतो.

बॉर्डन यांच्या कामाची मुदत संपली तेच १९१३ साल. त्याच वर्षी जुलैमध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्कला पोहोचला. भीमराव रामजी आंबेडकर हे त्याचे नाव.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची कथा सांगताना आपण बहुधा शिष्यवृत्तीपासून सुरुवात करतो. खरे म्हणजे ती परळच्या चाळीतील एका खोलीपासून करावयास हवी. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिकविलेले गृहस्थ. मुलाच्या बुद्धीची त्यांना जाण होती आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. एकाच खोलीत माणसे, चूल, सरपण आणि अभ्यास. अशा घरात अभ्यासासाठी शांतता कोठून आणावयाची? रामजींनी त्यावर एक उपाय काढला. मुलाला संध्याकाळीच झोपावयास लावावयाचे, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागावयाचे, मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवावयाचे आणि त्याच्या रिकाम्या जागी आपण आडवे व्हावयाचे. मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले तर रामजी विवाहित मुलीकडे जात, तिच्याकडून दोनतीन रुपये उसने घेत. तिच्याकडेही नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण टाकीत, आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. एका पुस्तकासाठी बहिणीचा दागिना गहाण पडे, आणि ती बहीण तो देत असे. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही यादीत या बहिणीचे नाव नाही.

घर आपल्या परीने सर्व काही करीत होते. पण घराला बाहेरच्या जगाचे दार ठाऊक नव्हते. ते दार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी दाखविले. केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकार. चर्नी रोडच्या बागेत नेमाने वाचत बसणारा हा विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडला आणि त्यांनी त्याची चौकशी केली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र या मुलाला भेट दिले. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले हे १९५६ मध्ये नागपुरात जगाने पाहिले. पुढील शिक्षणाचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच या विद्यार्थ्याची सयाजीरावांशी भेट घडवून आणली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. पदवीनंतर तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली. अट अशी होती की परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी.

आता या कथेचा दुसरा भाग. तो आपण बडोदेकर सहसा सांगत नाही. १९१७ मध्ये लंडन येथील अभ्यास अर्धवट सोडून बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्यास आले. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. येताना त्यांचे ग्रंथ ज्या बोटीवर होते ती बोट महायुद्धात बुडाली. सामानाच्या नुकसानभरपाईपोटी आलेल्या पैशांतून त्यांनी बडोद्याचे तिकीट काढले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची उमेदवार म्हणून नेमणूक झाली. कचेरी मिळाली, राहावयाचे कोठे? हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. अखेरीस एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांनी आसरा घेतला. अडगळीने भरलेले ते ओसाड दालन, रात्री वटवाघळांची फडफड, आणि उजेड म्हणून एक लहानसा कंदील. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात रात्रंदिवस वाचणारा हा विद्वान त्या कंदिलाशेजारी पुस्तके घेऊन बसत असे. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज अधिकाऱ्यांमध्ये फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी लोक धर्मशाळेत आले आणि त्यांनी जागा सोडण्याची तंबी दिली. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीचा विचार घ्यावा लागेल असे म्हटले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले.

ही हकिगत स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे, म्हणून तिच्याविषयी शंकेला जागा नाही. त्या बागेत आता संकल्पभूमी म्हणून ती जागा जतन केली आहे आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये तेथे लोक जमतात. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, त्याचा हेतू निर्मळ होता, तिजोरीतून पैसा वेळेवर सुटत होता. तरीही साऱ्या शहरात एकही घर उघडले नाही. त्या काळी या शहरात मराठी भाषकांची वस्ती मोठी होती, सुशिक्षित होती, कारभारात वरच्या जागी होती. कीर्तने होत होती, नाटके होत होती, साहित्य संमेलनही बडोद्यात १९०९ मध्ये भरले होते. पारशी धर्मशाळेला दोष देणे सोपे आहे. त्या धर्मशाळेत जाण्याची पाळी ज्यांच्यामुळे आली त्यांत आपल्याच आजोबा-पणजोबांचा समावेश होतो, हे या ग्रंथात लिहिलेले बरे. इतके झाल्यावरही त्यांना १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाता आले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्यामुळे आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जामुळे.

शाहू महाराजांनी हा राहण्याचा प्रश्न फार आधी ओळखला होता. खेड्यातल्या मुलाला फी माफ केली तरी तो कोल्हापुरात राहणार कोठे आणि जेवणार कोणाकडे? १९०१ पासून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली; पण जे दार उघडतच नव्हते त्यासाठी निराळे दार पाडणे हाच त्या वेळी व्यवहार्य मार्ग होता, असे माझे मत आहे. त्याच्या पुढचे पाऊल साताऱ्यात भाऊराव पाटलांनी टाकले. त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र जेवत. मुलांच्या शिध्याची सोय होईना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडावयास दिले. दागिना पुन्हा एकदा आलाच. खुद्द बाबासाहेबांनी सार्वजनिक कार्याला आरंभ केला तेव्हा बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या कामांपैकी एक काम १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढण्याचे होते. धर्मशाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला वसतिगृहाचे मोल कोणी सांगावयास नको होते.

आतापर्यंत बंद दारांचे बोलणे झाले. बुद्धीवर दुसरेही एक संकट येते, ते कौतुकाचे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तशाच गाऊन दाखवी. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालवयातच मिळाली. गावोगाव जलसे झाले, १९३५ मध्ये प्रयागच्या संगीत परिषदेत त्याने श्रोत्यांना थक्क केले. इतक्या टाळ्या ऐकलेल्या मुलाचे पुढे काय होते हे आपण अनेक बालनटांच्या आणि बालगायकांच्या बाबतीत पाहिले आहे. कुमारांच्या बाबतीत ते टळले, कारण १९३६ च्या सुमारास ते मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे आले. देवधर मास्तरांच्या गिरगावातील विद्यालयात या मुलाला नक्कल सोडून विचार करावयास शिकविण्यात आले, निरनिराळ्या घराण्यांचे गायक ऐकावयास मिळाले, आणि सुमारे दशकभर तो तेथे विद्यार्थी म्हणून राहिला. जलशांतील बालगवयाला पुन्हा विद्यार्थी होऊ देणारे घर मिळणे ही केवढी भाग्याची गोष्ट! पालकांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. पाच वर्षांच्या मुलाकडून पाहुण्यांपुढे पाढे आणि श्लोक म्हणवून घेण्याची हौस आपल्याकडे अद्याप ओसरलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर या कामाला पद्धतशीर रूप आले. पुण्यात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. मानसशास्त्रीय कसोट्यांनी मुले निवडून त्यांच्या बुद्धीला सामाजिक जाणिवेची जोड द्यावी हा तिचा हेतू. १९६९ मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. राष्ट्रीय पातळीवर विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये निघाली आणि पुढे सर्व विषयांसाठी विस्तारली. २०२१ मध्ये योजनेची मुदत संपल्यावर ती थांबली. नवोदय विद्यालयांपैकी पहिल्या दोहोंतील एक १९८५-८६ मध्ये अमरावती जिल्ह्यात उघडले. या निवासी शाळांत किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. मुलींसाठी वार नव्हते, हे ध्यानात घेता हा आकडा लहान नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रज्ञेच्या मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. परीक्षांचे वर्ग, मार्गदर्शिका आणि शुल्क यांचा जो बाजार या सर्वांभोवती उभा राहिला आहे, त्याविषयी येथे लिहीत नाही.

परीक्षेत निवड झालेल्या मुलाची काळजी घेणारे आता अनेक आहेत. चर्नी रोडच्या बागेत बसलेल्या, अद्याप कोणी न निवडलेल्या मुलाकडे पाहणारे किती आहेत, हा प्रश्न मला ग्रंथालयाच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. बडोद्यातील मराठी घरांतील बहुतेक मुले आज इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात शिकतात. मराठी ती बोलतात, पण वाचताना अडखळतात. त्यांतील एखादे मूल अतिशय बुद्धिमान असेल तर त्याला मराठीतील गोष्टीची पुस्तके लगेच पोरकट वाटतात, आणि मोठ्यांची मराठी पुस्तके वाचण्याइतका सराव नसतो. मधली पायरीच गळालेली असते. अशा मुलासाठी चरित्रे, प्रवासवर्णने आणि विज्ञानावरील सुबोध लेखन हेच उपयोगी पडते, असा अध्यापनातील अनुभव आहे. हे वाङ्मय आपल्या संग्रहात विपुल आहे. परंतु ते मोठ्यांच्या विभागात आहे आणि बालसभासदाला तेथून पुस्तक मिळत नाही.

कार्यकारी मंडळापुढे म्हणून दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की बारा वर्षांवरील बालसभासदाला ग्रंथपालांच्या संमतीने कोणत्याही कपाटातील पुस्तक घरी नेता यावे. दुसरी सूचना अनामतीविषयी आहे. ज्या पालकांना ती भरणे जड जाते त्यांच्या मुलांकडून ती घेऊ नये; त्याऐवजी ग्रंथालयाच्या कोणाही एका सभासदाने अर्जावर हमीची सही करावी, आणि पुस्तक हरवल्यास त्याची किंमत त्या सभासदाने भरून द्यावी. अशा पाच मुलांच्या अर्जांवर सही करण्याची माझी तयारी आहे.